'खरेदी करा' म्हणतात, पण ई-पुस्तक आपलं होतं का? (सीमाभागातल्या वाचकांची मतं हवीत)

खानापूरकर | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

आमच्याकडच्या गावच्या साहित्य संमेलनात यंदा मला अर्धा तास दिलाय. विषय 'ई-पुस्तकं'. कमिटीला वाटतंय, मोबाईलवर पुस्तक कसं उतरवायचं ते मी दाखवीन. ते पाच मिनिटांत होईल. उरलेल्या वेळात मला त्या पुस्तकांवरच्या कुलपाबद्दल बोलायचंय, ज्याला डीआरएम म्हणतात.

आपण पैसे भरतो, बटणावर 'खरेदी करा' लिहिलेलं असतं, आणि हातात पडतो तो फक्त वाचायचा परवाना. ते पुस्तक शेजाऱ्याला देता येत नाही, वाचून झाल्यावर विकता येत नाही, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडत नाही. खातं बंद पडलं तर सगळंच गेलं. हे अटींमध्ये लिहिलेलं असतं, आणि त्या अटी वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथं असा डिजिटल माल 'खरेदी करा' म्हणून विकायचा तर हा नुसता परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं.

माझं मत असं की हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा आपल्याला जास्त लागतो. बेळगाव शहर सोडलं तर आपल्याकडे मराठी पुस्तकं मिळणार कुठं? कडोली, येळ्ळूर, उचगावच्या संमेलनांत स्टॉल लागतात तेव्हा घ्यायची, नाहीतर पुण्या-कोल्हापूरहून मागवायची. घरबसल्या मिळालं तर कोण सोडेल? आणि आपल्यात एकानं पुस्तक घेतलं की निम्मी गल्ली वाचते. नेमकं तेच या कुलपानं बंद होतंय.

ऐकायला येणार निवृत्त मास्तर, महिला मंडळ, थोडी कॉलेजची पोरं. त्यांना हे सांगून उपयोग आहे काय? सांगायचं तर कुठून सुरू करू?

मंजू_टिळकवाडी | रविवार, रात्री ९.३२

उपयोग आहे, दादा. माझ्या सासूबाईंना वाचायचा नाद. माझ्या खात्यावर घेतलेलं पुस्तक त्यांना द्यायचं म्हणजे माझा फोनच द्यावा लागतो. परवा पुस्तक वाचता वाचता वर आलेला माझ्या बहिणीचा मेसेजही वाचून काढला. त्यात त्यांच्याबद्दलच लिहिलेलं होतं.

निपाणी_मेल | रविवार, रात्री ९.३५

मंजूताई, पुढं काय झालं ते लिवा. डीआरएम राहू दे बाजूला.

निपाणी_मेल | रविवार, रात्री ९.४१

आता खरं बोलतो. कुणाला पडलंय हो? आमच्या ग्रुपवर रोज पीडीएफ येऊन पडतंय. फुकट. कुलूप नाय, किल्ली नाय. पैसे भरून पुस्तक घेणारा माणूस आधी दाखवा, मग त्याला जागरूक करू.

बायनरी_बंड्या | रविवार, रात्री १०.०५

निपाणीवाले, पैसे भरणारे आहेत, म्हणून तर हा प्रश्न आहे. काय काय होऊ शकतं त्याची घडलेलीच उदाहरणं देतो.

जुलै २००९. अ‍ॅमेझॉननं ग्राहकांच्या किंडलमधून, म्हणजे त्यांच्या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रातून, विकलेली पुस्तकं रातोरात काढून घेतली. ज्यानं ती दुकानात चढवली त्याच्याकडे हक्क नव्हते हे कारण. पैसे परत दिले, नंतर कंपनीच्या प्रमुखानं माफीही मागितली. पुस्तकं कुठली, तर जॉर्ज ऑर्वेलची, आणि त्यात '१९८४', म्हणजे सरकार जुन्या नोंदी पुसून टाकतं ती कादंबरी. एका विद्यार्थ्यानं त्यावर टिपणं काढली होती, ती निरुपयोगी झाली म्हणून तो कोर्टात गेला.

एप्रिल २०१९. मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, आणि जुलैपासून लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडायचीच बंद झाली. पैसे परत दिले हे मान्य, पण कपाट रिकामं झालं ते झालंच.

आपल्या देशातलं हवं असेल तर फ्लिपकार्ट. तेही एकेकाळी ई-पुस्तकं विकायचे. २०१५ च्या शेवटी त्यांनी तो धंदा सोडला आणि गिऱ्हाइकांना कोबो नावाच्या परदेशी कंपनीकडे पाठवलं.

आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलचं पुस्तक संगणकावर उतरवून वायरीनं यंत्रात घालायची सोयही गेली. आपली प्रत आपल्याजवळ ठेवायची ती एक वाट होती.

अनगोळचा_अण्णा | रविवार, रात्री १०.२०

मी तरी असं समजून घेतलोय. आपल्यात घर लीजवर घेतात की नाही? एकरकमी चार-पाच लाख द्यायचे, तीन वर्षं भाडं नाही, घर सोडताना पैसे परत. घर आपलं नव्हे, पण निदान कागद होतोय, मुदत ठरलेली असतेय. हितं लीजवर राहायचं, मुदत माहीत नाही, पैसे परत मिळतील की नाही माहीत नाही, आणि दारावर पाटी मात्र 'घर विकणे आहे'. खानापूरकर, हे सांग बघ संमेलनात. म्हातारी माणसंसुद्धा एका मिनिटात समजून घेतील.

पुणेरी_परका | रविवार, रात्री १०.२६

लीज म्हणजे? भाडं न देता राहायचं? आणि पैसे परत? मी बेळगावला यायच्या तयारीला लागतो.

अनगोळचा_अण्णा | रविवार, रात्री १०.२९

ये की. घरमालकाला कन्नडमधून बोलायला लागतंय, एवढं शिकून ये.

छापखाना | सोमवार, सकाळी ७.५०

दुसरी बाजूही मांडतो. मी मूळचा सीमाभागातलाच, आता कोल्हापुरात लहानसं प्रकाशन चालवतो. निपाणी_मेल यांनी जे हसत हसत लिहिलंय, त्यानं आमचं घर बुडतं. नवं पुस्तक आलं की महिन्याभरात त्याची पीडीएफ फिरायला लागते. लेखक फोन करून विचारतो, 'माझ्या मावशीला पुस्तक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, तुम्ही पाठवलंत काय?' काय उत्तर द्यायचं? मराठी लेखकाला मानधन आधीच जेमतेम. तिथं कुलूप नको म्हणणं म्हणजे आम्हाला दार उघडं टाकून झोपा म्हणण्यासारखं आहे. जागृती करायचीच तर फुकट पीडीएफ पुढं ढकलू नका याची करा.

शहापूरची_शालू | सोमवार, सकाळी ८.१५

छापखाना यांना +१. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मी एकदा 'हे चोरीचं आहे, टाकू नका' म्हटलं तर दोन बायकांनी मला बोलणं सोडलं.

बायनरी_बंड्या | सोमवार, दुपारी १.१०

@छापखाना साहेब, पीडीएफ फिरवणं चूक, यावर वाद नाही. पण त्या फिरणाऱ्या पीडीएफ उघडून बघा. मी पाहिलेल्या बहुतेक छापील पुस्तकाचे फोटो आहेत. पान वाकडं, कडेला अंगठा दिसतोय, पहिल्या पानावर कुठल्या तरी वाचनालयाचा शिक्का. तुमच्या ई-पुस्तकाला कितीही कुलपं घाला, अंगठेवाल्याला काय फरक पडतो? फरक पडतो तो ज्यानं दीडशे-दोनशे रुपये मोजले त्याला. फुकट्याची प्रत कुठंही उघडते, पोरीला पाठवता येते, दहा वर्षांनी राहील. प्रामाणिक माणसाला त्याहून कमी माल मिळतोय.

दुसरं म्हणजे, किंडलला पुस्तक चढवताना कुलूप हवं की नको हे प्रकाशकालाच विचारतात. तिथं ते तुम्ही ठरवता, अ‍ॅमेझॉन नाही. कुलपाऐवजी दुसराही मार्ग आहे. प्रत्येक प्रतीत खरेदीदाराचं नाव उमटवायचं. मग माणूस ती ग्रुपवर टाकताना दोनदा विचार करतो.

छापखाना | सोमवार, दुपारी २.४०

पुस्तकं चढवायचं काम आमच्याकडे बाहेरचा माणूस करतो. त्यानं त्या जागी काय निवडलं ते विचारून सांगतो. नाव उमटवण्याचं पटतंय थोडं. बाकीचं पटलेलं नाही.

स्वरवाचक | सोमवार, दुपारी ४.०५

मी दृष्टिहीन आहे. फोनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हेच माझं वाचन. त्यामुळे या धाग्यावर दोन शब्द जास्त लिहितो, सांभाळून घ्या.

डोळस माणसाला कुलपाचा त्रास पुस्तक दुसऱ्याला देताना होतो. मला पहिल्या ओळीपासून होतो. एका मराठी अ‍ॅपवरून मी पुस्तक घेतलं. चोरी होऊ नये म्हणून त्यांनी पानं चित्रांसारखी बंद करून ठेवलेली. माझा फोन म्हणतो 'चित्र', पुढचं पान, पुन्हा 'चित्र'. पैसे गेले, पुस्तक मुकं. तक्रार केली तर उत्तर आलं, सुरक्षिततेसाठी असं आहे. माझ्यापासून कसली सुरक्षितता?

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. २००९ मध्ये नव्या किंडलला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायची सोय होती. अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनं हरकत घेतली, आणि ती सोय पुस्तकागणिक बंद करायचा अधिकार प्रकाशकांना देण्यात आला.

कायदा मात्र आमच्या बाजूनं आहे, आणि हे संमेलनात जरूर सांगा. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये तरतूद आली, की अपंग व्यक्तीसाठी वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देणं हा भंग नाही. याच विषयावरच्या माराकेशच्या आंतरराष्ट्रीय कराराला सगळ्यात आधी मान्यता दिली ती भारतानं, २०१४ मध्ये. कागदावर आपण जगात पहिले. माझा फोन अजून 'चित्र' म्हणतोय.

मंजू_टिळकवाडी | सोमवार, दुपारी ४.३०

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. खानापूरकर, तुमच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं यांना द्या. फोनवरून बोलू देत.

काळा_कोट | सोमवार, रात्री ८.५५

वकील आहे, पण हा सल्ला नाही, फी घेतलेली नाही.

लोक विचारतात, 'कुलूप तोडलं तर तुरुंग काय?' कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ ला घातलेलं कलम ६५अ. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं असं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतूनं' हा भाग महत्त्वाचा. कायद्यानं मना केलेलं नाही अशा कामासाठी केलं तर हे कलम आड येत नाही, असं त्याच कलमात पुढं आहे. आणि गंमत बघा, दुसऱ्यासाठी तोडायला मदत केली तर त्या माणसाचं नाव, पत्ता, कशासाठी तोडलं, याची पूर्ण नोंद ठेवायची आहे. गल्लीतल्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं अशी वही ठेवलेली मला बघायचीय.

पण कायद्याची मुभा आणि विक्रेत्याच्या अटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम आड आलं नाही तरी अटी मोडल्या म्हणून खातं बंद होऊ शकतं. म्हणून स्टेजवरून 'तोडा बिनधास्त' असं कुणी सांगू नका.

गोकाकचा_करदंट | सोमवार, रात्री ९.२०

कराचं पण सांगा की. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ई-पुस्तकाला आहे. आधी १८ टक्के होता, जुलै २०१८ मध्ये ५ वर आणला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांनाच. का तर ती 'सेवा' आहे म्हणे. म्हणजे सरकारला पहिल्यापासून माहीत आहे की आपण वस्तू घेत नाही. माहीत नव्हतं ते आपल्यालाच.

अवांतर: आमच्यात बायको कन्नड, मी मराठी. २०१६ च्या अखेरीस किंडलवर पाच भारतीय भाषा आल्या, त्यात मराठी होती, कन्नड नव्हती. आमच्या घरात मराठीची सरशी झाली ती तेवढ्यापुरती. बायको म्हणाली, 'ठेव तुझं कुलूपवालं पुस्तक, मी छापील वाचते.' आता तिची सगळी तिच्या बहिणींकडं फिरतात, माझी फोनात बसून आहेत.

सीमावासी_५६ | सोमवार, रात्री ९.३८

कर्नाटकात राहून मराठीची सरशी! हे वाक्य फ्रेम करून खडेबाजारात लावा. इथं दुकानाच्या पाटीवर मराठी चालत नाही आणि तुम्ही

*(पुढचा मजकूर आणि त्यावरचे प्रतिसाद काढले आहेत. सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथं बोला. – संपादक मंडळ)*

निपाणी_मेल | सोमवार, रात्री १०.१५

संपादकसाहेब, एकच प्रश्न, मग गप्प. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात हाय. निकाल लागेपर्यंत आमची ई-पुस्तकं उघडतील काय?

काळा_कोट | सोमवार, रात्री १०.१८

वकिलाला हे विचारू नका, आमचं पोट त्यावर आहे.

व्हीटीयूचं_पोर | मंगळवार, रात्री १२.४०

एवढं काय चिडायचं कळत नाही. कॉलेजच्या लायब्ररीचं ई-पुस्तक ठरलेल्या दिवसांनी आपोआप बंद होतं. दंड नाही, परत द्यायला जायचं नाही. परीक्षा झाली की मला ते पुस्तक आयुष्यात परत बघायचंही नाही. कुलूप चांगलं आहे.

कपाट_क्रमांक_चार | मंगळवार, सकाळी ११.००

पोरा, तुझं बरोबर आहे. लायब्ररीकडून उसनं घेतलेलं उसनं म्हणून दिलं तर तक्रार कसली? तक्रार आहे ती उसनं देऊन विकलं म्हणण्याची.

मी तालुक्यातल्या एका मराठी वाचनालयाचं काम बघते. आमच्याकडं अनुदान म्हणजे नावाला. वाचनालय चालतं ते लोकांनी दिलेल्या पुस्तकांवर. कुणी मास्तर वारले की महिन्या-दोन महिन्यांनी मुलगा येतो. बेंगळूरला नाहीतर पुण्याला नोकरी, घर बंद करायचं असतं. पोत्यातून पुस्तकं आणतो आणि म्हणतो, 'अप्पांची आहेत, कुणीतरी वाचू देत.' आम्ही पहिल्या पानावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असा शिक्का मारतो. आमची निम्मी कपाटं अशी भरलेली आहेत. त्यात काय नाही? ऐतिहासिक कादंबऱ्या, होमिओपॅथी, जुने दिवाळी अंक, एकाच चरित्राच्या सहा प्रती. गावच्या माणसांनी काय काय वाचलं ते तिथं कळतं. समासात शिव्या लिहिणारे एक हेडमास्तर होते, त्यांची पुस्तकं सगळ्यात जास्त जातात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका बाईंचा मुलगा आला. म्हणाला, आईची शे-सव्वाशे पुस्तकं टॅबमध्ये आहेत, वाचनालयाला द्यायचीत. घेऊ कशी? खातं तिच्या नावावर, आणि अटींत लिहिलंय की ते दुसऱ्याच्या नावावर होत नाही. टॅब ठेवून घ्यायचा तर पासवर्ड, ओटीपी, बँकेचं कार्ड सगळं त्याला जोडलेलं. शेवटी तो टॅब घेऊन परत गेला. तिनं पैसे देऊन घेतलेल्यातलं एकही पुस्तक आमच्या कपाटात आलं नाही.

विद्यापीठांना, मोठ्या ग्रंथालयांना कंपन्या वेगळा परवाना विकतात. आमच्यासारख्यांना कोण विचारतंय? आणि साध्या खात्यावर घेतलेलं पुस्तक सभासदांना फिरवणं अटींत बसत नाही. खानापूरकर, तुम्ही विचारलंत कुठून सुरू करू. लोकांना विचारा, तुमच्या माघारी तुमची पुस्तकं कोण वाचणार? आमच्याकडं हा प्रश्न सगळ्यांना लागतो, कारण सगळ्यांची पोरं बाहेर आहेत.

अनगोळचा_अण्णा | मंगळवार, सकाळी ११.२५

लीज राहू दे. हे सांग.

शहापूरची_शालू | मंगळवार, दुपारी १२.१०

समासात शिव्या लिहिणाऱ्या हेडमास्तरांचं वाचनालय कुठलं ते कळवा, सभासद व्हायचंय.

खानापूरकर | मंगळवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. सुरुवात कपाट_क्रमांक_चार यांच्या प्रश्नानं करतो. स्वरवाचक, तुम्ही फोनवरून बोलाल काय? व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

एक अडचण. घाबरवून सोडून दिलं तर लोक ई-पुस्तक घेणंच बंद करतील, किंवा निपाणी_मेलच्या ग्रुपात जातील. 'मग घ्यायचं कुठून?' याला काय उत्तर देऊ?

बायनरी_बंड्या | मंगळवार, रात्री ९.१५

विकत घेण्याआधी पुस्तकाच्या माहितीचं पान खालपर्यंत बघायला सांगा. कुलूप नसेल तर पुष्कळदा तिथं तसं लिहिलेलं असतं. आणि प्रकाशकाला थेट विचारा, 'साधी ईपब (ई-पुस्तकाची एक प्रकारची फाईल) किंवा पीडीएफ विकता का?' दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला देतील.

फुकट आणि रीतसर हवं असेल तर ई साहित्य प्रतिष्ठान आहे, लेखकाच्या संमतीनं देतात. राज्य मराठी विकास संस्था आणि साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. महाराष्ट्र सरकारची असली तरी बेळगावातून उघडतात, तिथं सीमा आडवी येत नाही. मराठी विकिस्रोत आहे, हक्क संपलेली जुनी पुस्तकं तिथं मोफत वाचता येतात. लेखक जाऊन साठ वर्षं झाली की आपल्याकडं हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं. ते छापा, वाटा, मोठ्यानं वाचा, फोनला वाचायला लावा.

स्वरवाचक | मंगळवार, रात्री ९.४०

बोलतो. मात्र जुन्या पुस्तकांची पानं नुसते फोटो काढून चढवलेली असतील तर मला तिथंही 'चित्र'च ऐकू येतं. विकिस्रोतावर मजकूर टंकलेला असतो, तो वाचता येतो. कॉलेजच्या पोरांना टंकायला बसवता आलं तर बघा.

काळा_कोट | मंगळवार, रात्री १०.०५

भाषांतराचा हक्क वेगळा असतो, तेवढं लक्षात ठेवा. मूळ लेखक जाऊन साठ वर्षं झाली तरी भाषांतरकार हयात असेल तर ते मराठी पुस्तक मोकळं नाही.

छापखाना | बुधवार, सकाळी ७.३०

पुस्तकं चढवणाऱ्या माणसाला कुलपाचं विचारलं. म्हणतो, 'सगळेच लावतात म्हणून लावलं.' मी त्याला कधी काही सांगितलंच नव्हतं. माझं मत अजून तेच आहे, फुकट पीडीएफ हा मोठा रोग. तरी येत्या हंगामातलं एक पुस्तक, सीमाभागातल्याच लेखिकेचं, कुलूप न घालता काढतो, खरेदीदाराचं नाव उमटवून. तिची हरकत नाही. खानापूरकर, संमेलनात स्टॉल लावू देणार असाल तर छापील प्रतीही आणतो.

खानापूरकर | बुधवार, सकाळी ७.५५

स्टॉलचं कमिटीला विचारतो. भाडं घेत नाहीत, दुपारचं जेवण मात्र आमच्याकडंच करायचं.

निपाणी_मेल | बुधवार, सकाळी ८.०२

छापखानावाले, ते पुस्तक मी विकत घेतो. पैसे भरून. पण पानावर माझं खरं नाव येणार काय? मग ग्रुपवर कसं टाकू?

छापखाना | बुधवार, सकाळी ८.०४

त्यासाठीच.